मनोधैर्याचे प्रवचन नको, जगण्याची हमी हवी!
म्हैसूरमधील एचआयव्हीसह जगणाऱ्या वृद्धांचा प्रश्न आणि कष्टकरी चळवळीचे कर्तव्य

म्हैसूर शहराला ‘पेन्शनरांचे नंदनवन’ असे म्हटले जाते. रुंद रस्ते, गर्द झाडी, आल्हाददायक हवा. निवृत्त सरकारी अधिकारी आणि बँक कर्मचारी येथे घर बांधून उर्वरित आयुष्य शांततेत घालवतात. परंतु याच शहरात आयुष्यभर अगरबत्त्या वळणाऱ्या, बांधकामावर पाट्या वाहणाऱ्या, लॉजमध्ये व रस्त्यावर देहविक्रय करून पोरे वाढवणाऱ्या स्त्रियांचे आणि ट्रकवर, हॉटेलांत, बंद पडलेल्या कारखान्यांत उमेद झिजवलेल्या पुरुषांचेही म्हातारपण आहे. त्यांच्यासाठी नंदनवनाचे फाटक कधीच उघडले नाही. त्यांच्यापैकी जे एचआयव्हीसह जगत आहेत, त्यांच्या वाट्याला पेन्शन नाही, हक्काचे घर नाही आणि रोग उघड झाला तर शेजारही नाही. अशा माणसांसाठी आता एक नवे औषध सुचवले जात आहे. त्या औषधाचे नाव आहे ‘मानसिक कणखरता’.

मानसशास्त्राच्या नियतकालिकांतून, देणगीदार संस्थांच्या अहवालांतून आणि सरकारी परिसंवादांतून हा शब्द अलीकडे सतत कानी पडतो. इंग्रजीत ज्याला ‘रेझिलिअन्स’ म्हणतात, तो हा गुण. संकटे कोसळली तरी न मोडण्याची शक्ती माणसाच्या अंतरंगात असते, ती शिकवून वाढवता येते, तेव्हा एचआयव्हीसह जगणाऱ्या वृद्धांना श्वसनाचे व्यायाम, सकारात्मक विचार आणि कृतज्ञतेची रोजनिशी शिकवावी, असा या विचाराचा आशय. व्यायाम वाईट नाहीत आणि समुपदेशनाने खचलेल्या माणसाला आधार मिळतो, हेही खरे. प्रश्न तो नाहीच. ज्या जखमा व्यवस्थेने केल्या त्यांची जबाबदारी जखमी माणसाच्या स्वभावावर टाकण्याचा जो उद्योग या निमित्ताने चालला आहे, प्रश्न त्याचा आहे. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, अशातला हा प्रकार आहे.

राजवाड्यापुढील योग आणि दिल्लीतील धरणे

या उद्योगाचे स्वरूप 2022 सालच्या दोन घटना शेजारी ठेवल्या की स्पष्ट होते. 21 जून 2022 रोजी म्हैसूरच्या राजवाड्यासमोर पंतप्रधानांच्या उपस्थितीत आंतरराष्ट्रीय योग दिनाचा मुख्य सोहळा झाला. हजारो लोकांनी आसने केली, ‘मानवतेसाठी योग’ हे त्या वर्षीचे घोषवाक्य होते आणि योगाने व्यक्तीला, समाजाला व जगाला शांती मिळते, असा संदेश देण्यात आला. त्यानंतर सुमारे महिनाभरातच, जुलैमध्ये, एचआयव्हीसह जगणारे नागरिक दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयात धरणे धरून बसले. त्यांची तक्रार साधी होती. उपचार केंद्रांवर औषधांचा तुटवडा होता, महिन्याभराच्या गोळ्यांऐवजी काही दिवसांच्याच गोळ्या हाती पडत होत्या. औषधांचा साठा पुरेसा आहे, असे सरकारचे उत्तर होते. धरणे मात्र महिनाभराहून अधिक काळ चालले.

एचआयव्हीची गोळी ही डोकेदुखीची गोळी नव्हे. ती रोज, ठरल्या वेळी, आयुष्यभर घ्यावी लागते. खंड पडला तर विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद न देणारे रूप धारण करू शकतो. ज्याला पुढच्या आठवड्यात गोळी मिळेल की नाही याची खात्री नाही, त्याचे मन कोणत्या आसनाने स्थिर होणार? राजवाड्यापुढे शांतीचा संदेश देणाऱ्या राज्यकर्त्यांनी गोळ्यांच्या पुरवठ्याची खात्री दिली असती, तर त्या धरण्यावर बसलेल्यांना अधिक शांत झोप लागली असती.

हे वृद्ध कोण आहेत?

भारतात एचआयव्हीची पहिली नोंद 1986 साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि डॉ. सेल्लप्पन निर्मला यांच्या तपासणीतून झाली. पुढील अठरा वर्षे गरीब रुग्णाला या रोगाचे निदान म्हणजे मृत्यूचा हुकूमच होता. 1 एप्रिल 2004 रोजी केंद्र सरकारने महाराष्ट्र व कर्नाटकासह सहा अधिक लागण असलेल्या राज्यांत आणि दिल्लीत मोफत औषधोपचार सुरू केला. त्या वर्षी तीस वर्षांची असलेली स्त्री 2024 साली पन्नास वर्षांची झाली. आज देशात सुमारे 25 लाख लोक एचआयव्हीसह जगत असल्याचा सरकारी अंदाज आहे. राज्यवार संख्येत महाराष्ट्र अग्रभागी आहे आणि कर्नाटकही वरच्या क्रमांकांत आहे. मरतील असे समजून ज्यांची नावे समाजाने मनातून खोडली होती, ती माणसे जगली आणि म्हातारी झाली. विज्ञानाचा आणि लोकलढ्यांचा हा विजय आहे. परंतु या विजयानंतर पुढे काय, याचा विचार राज्यकर्त्यांनी केलेला नाही.

या रोगात पन्नाशी म्हणजे वार्धक्याचा उंबरठा मानतात आणि त्याला कारण आहे. विषाणू औषधाने दबला तरी शरीरात मंद दाह राहतो. हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार आणि हाडांची झीज इतरांपेक्षा लवकर गाठण्याचा धोका असतो. सुरुवातीच्या वर्षांत भारतातील गरिबांना ‘स्टॅव्हुडिन’ हे स्वस्त औषध दिले गेले. त्याने जीव वाचवले, पण पायांच्या नसा बधिर केल्या आणि गालांवरील चरबी वितळवून चेहऱ्यावर रोगाचा शिक्का मारला. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली ते थांबवण्याची शिफारस केली. 2020 पासून देशात ‘डोल्युटेग्राव्हिर’ हे अधिक चांगले औषध आले, परंतु त्यानेही काहींचे वजन व रक्तातील साखर वाढते, म्हणून नियमित तपासणी लागते. या सगळ्यांत भर म्हणजे एकाकीपणा. जोडीदार औषधे येण्यापूर्वीच गेलेला, मुले दुरावलेली, रोगाचे नाव शेजाऱ्यांना कळू नये म्हणून गोळ्यांच्या बाटलीवरील कागद फाडून ठेवायचा. अशा स्थितीत नैराश्य आले तर त्याला मनाचा दुबळेपणा म्हणणे हा निव्वळ निर्दयपणा आहे.

सिद्धांताची पाळेमुळे

‘कणखरते’चा सिद्धांत कोणत्या भूमीत फोफावला, हेही पाहिले पाहिजे. 2009 साली अमेरिकन लष्कराने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मार्टिन सेलिग्मन यांच्या ‘सकारात्मक मानसशास्त्रा’च्या आधारे सैनिकांना कणखर बनवण्याची प्रचंड योजना हाती घेतली. इराक व अफगाणिस्तानातील युद्धांतून परतणाऱ्या सैनिकांत आत्महत्या वाढत होत्या. युद्धे थांबवण्याऐवजी सैनिकांची मने युद्धाला पुरतील अशी घडवावीत, हा साम्राज्यवादाचा तोडगा होता. तोच तर्क कारखान्यात, कार्यालयात आणि आता रुग्णालयात लावला जातो. परिस्थिती अटळ, बदलायचे ते फक्त माणसाने! जानेवारी 2025 मध्ये त्याच अमेरिकेच्या सरकारने परदेशी मदत एका फटक्यात गोठवली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक देशांत एचआयव्हीच्या सेवा विस्कळीत झाल्या. ज्यांना कालपर्यंत कणखरतेचे धडे दिले जात होते, त्यांच्या दवाखान्यांचीच दारे बंद झाली.

विशेष म्हणजे या विषयातील मूळ संशोधन वेगळेच सांगते. एमी वर्नर या संशोधिकेने हवाई बेटसमूहातील कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या मुलांचा कित्येक दशके अभ्यास केला. दारिद्र्यात व कलहग्रस्त घरांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, समाधानी प्रौढ झाली. त्यांच्या वाट्याला काय आले होते? किमान एक भरवशाचे माणूस आणि घराबाहेर आधार देणारे शेजारी, शिक्षक व वडीलधारे. याचा अर्थ, मनाचे बळ ही एकट्याच्या छातीत दडलेली ठेव नाही, ते माणसामाणसांतील संबंधांतून निर्माण होते. भांडवली प्रचाराने या निष्कर्षातला समाज काढून टाकला आणि फक्त व्यक्ती शिल्लक ठेवली.

म्हैसूरचा अनुभव काय सांगतो?

याच म्हैसूरने या वादाचे प्रत्यक्ष उत्तर दिले आहे. 2004 साली शहरातील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये आरोग्याचे काम सुरू झाले. त्या वेळच्या पाहणीत त्यांच्यापैकी 26 टक्के स्त्रियांना एचआयव्हीची आणि 25 टक्के स्त्रियांना गरमीची लागण आढळली. पोलिसांची मारहाण, गुंडांची खंडणी आणि रुग्णालयांतील हेटाळणी हे त्यांचे रोजचे जीवन होते. या स्त्रियांनी एकत्र येऊन 2005 साली ‘आशोदया समिती’ ही स्वतःची संघटना उभारली. स्वतःचा दवाखाना चालवला, मारहाण झाली की धावून जाणारी पथके उभी केली, पोलीस ठाण्यात जाऊन जाब विचारला. सुमारे अडीच वर्षांनंतरच्या पाहणीत गरमीचे प्रमाण 25 वरून 12 टक्क्यांवर आले होते. एचआयव्हीचे प्रमाण 24 टक्के होते, म्हणजे ते वाढले नव्हते. पुढे या स्त्रियांनी हॉटेल काढले. ज्यांच्या हातचे पाणी घ्यायला लोक कचरत, त्यांच्या हातचे जेवण शहराने पैसे देऊन खाल्ले आणि त्या उत्पन्नातून आजारी सोबतिणींच्या शुश्रूषेला हातभार लागला. याच शहरात 1997 पासून ‘आशा किरण’ हे रुग्णालय एचआयव्हीच्या रुग्णांची सेवा करीत आले आहे. मात्र रुग्णाला सेवा मिळणे आणि रुग्णाने स्वतः संघटित होऊन हक्क मागणे, या दोन्ही गोष्टींची गरज असते व दुसरीची जागा पहिली घेऊ शकत नाही.

या अनुभवावर चळवळीतील काहींचा आक्षेप असतो. या कामाचा प्रारंभीचा पैसा अमेरिकन धनकुबेर बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठानाच्या ‘आवाहन’ योजनेतून आला, मग त्याचे कौतुक कम्युनिस्टांनी का करावे? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. परदेशी निधीवर पोसलेल्या संस्था जनतेला राजकारणापासून दूर नेतात आणि वर्गसंघर्षाची धार बोथट करतात, ही कम्युनिस्ट चळवळीने 1980 च्या दशकात केलेली टीका आजही खरी आहे. देणगीदाराचा पैसा येतो तसा जातो, त्याचा प्राधान्यक्रम दूरच्या कचेरीत ठरतो. परंतु निधी आणि संघटना यांत फरक केला पाहिजे. ‘आवाहन’ योजना पुढे सरकारकडे सोपवून देणगीदार बाजूला झाले, पण हजारो स्त्रियांनी आपल्या हिमतीवर जोडलेली एकजूट त्यानंतरही टिकली. सांगलीत 1992 पासून ‘संग्राम’ने आणि 1996 पासून ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’ने केलेले काम मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. तिथेही अनुभव तोच आहे. ज्या बाईने एकदा संघटनेच्या बळावर फौजदारापुढे मान वर करून बोलण्याचे धाडस केले, तिला ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ असे शिकवायला कोणी तज्ज्ञ लागत नाही.

मनोधैर्याचा पाया: औषध आणि पेन्शन

ज्या गोळीवर हे म्हातारपण उभे आहे ती गोळीही कोणाच्या कृपेने आलेली नाही. 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या उत्पादनपद्धतीलाच संरक्षण दिले, औषधाला नाही. त्यामुळे देशी कारखाने स्वस्त औषधे बनवू शकले. बहुराष्ट्रीय कंपन्या एका रुग्णाच्या वर्षाच्या औषधांसाठी दहा ते पंधरा हजार डॉलर घेत असताना 2001 साली ‘सिप्ला’ने तीच औषधे 350 डॉलरमध्ये देऊ केली. जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली 2005 साली हा कायदा बदलला गेला, तेव्हा संसदेत डाव्या पक्षांनी ठाम भूमिका घेतली आणि जुन्याच औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट उकळण्यास अटकाव करणारे कलम 3(ड) कायद्यात आले. 2009 साली ‘टेनोफोव्हिर’ या एचआयव्हीच्या औषधावरील पेटंटचा अर्ज भारतात फेटाळला गेला. 1 एप्रिल 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नोव्हार्टिस’ प्रकरणात कलम 3(ड) उचलून धरले. म्हैसूरच्या रुग्णाच्या हातातील गोळीमागे हा इतिहास आहे.

हा पाया आज पोखरला जात आहे. 1954 साली पिंपरीत उभा राहिलेला ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स’ विकण्याचा आणि सोव्हिएत सहकार्याने उभारलेली ‘आयडीपीएल’ बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर 2016 मध्ये घेतला. सार्वजनिक कारखाना नसेल तर खाजगी पुरवठादाराने निविदेत हात आखडताच देशाचे औषध अडते. कायद्याची गोष्टही तशीच. 2017 चा एचआयव्ही व एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून अमलात आला. नोकरी, उपचार, शिक्षण, विमा व निवारा यांत भेदभावास त्याने मनाई केली, ही चळवळीची कमाई आहे. परंतु उपचार पुरवण्याच्या कलम 14 मध्ये ‘शक्य असेल तितके’ अशी शब्दयोजना घालून सरकारने स्वतःसाठी चोरवाट ठेवली. म्हणजे रुग्णाने गोळी एक दिवसही चुकवायची नाही आणि सरकारने मात्र जमेल तितकेच द्यायचे!

पेन्शनबाबत तर लाज वाटावी अशी परिस्थिती आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ पेन्शन योजनेत साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या दारिद्र्यरेषेखालील वृद्धासाठी केंद्र सरकार महिन्याला 200 रुपये देते. 2007 पासून हा आकडा हललेला नाही. संघटित कारखान्यात घाम गाळलेल्या कामगाराला 1995 च्या कर्मचारी पेन्शन योजनेखाली 2014 साली ठरवलेली किमान पेन्शन 1000 रुपये आहे. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेत एड्सच्या रुग्णांचा समावेश आहे, पण 2023 साली वाढवलेले अनुदानही 1500 रुपयेच होते. आधी पोटोबा मग विठोबा, हे शहाणपण ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्या समाजाला रिकाम्या पोटी चिंतनाचा मार्ग दाखवला जात आहे.

चळवळीतील एक चुकीचा समज

दुसऱ्या टोकालाही एक चूक होते आणि तिचा परखड विचार झाला पाहिजे. मन, नैराश्य, एकाकीपणा या मध्यमवर्गीयांच्या गोष्टी आहेत, भाकरीचा प्रश्न सुटला की मनाचा आपोआप सुटेल, असे काही कार्यकर्ते मानतात. हा मार्क्सवाद नव्हे. भौतिक परिस्थिती जाणिवेला आकार देते, याचा अर्थ जाणीव ही दुर्लक्ष करण्याची वस्तू आहे असा होत नाही. पेन्शन मंजूर झालेली बाई लाजेपायी कार्यालयात गेलीच नाही, तर ती पेन्शन कागदावर राहते. नैराश्याने ग्रासलेला माणूस गोळ्या सोडून देतो. मानसिक उपचार हा 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे, तो मागितलाच पाहिजे. सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये ‘टेली मानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा उपयोग जरूर करावा, परंतु दूरध्वनीवरील आवाज म्हणजे उपचार केंद्रातील ओळखीचा समुपदेशक नव्हे. आणि तो समुपदेशक स्वतः कंत्राटी, असुरक्षित कर्मचारी आहे! ज्याची नोकरी पुढच्या वर्षी राहील की नाही हे ठाऊक नाही, त्याने दुसऱ्याला भविष्याची खात्री द्यावी, हा या व्यवस्थेचा विनोद आहे.

याहून गंभीर बाब म्हणजे रोगाविषयीचा भेद. एचआयव्ही बरोबर जेवल्याने, भांडे वापरल्याने, शेजारी बसल्याने पसरत नाही. नियमित उपचाराने रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतका दबला, तर लैंगिक संबंधांतूनही तो दुसऱ्याला होत नाही. 2011 साली ज्या आंतरराष्ट्रीय चाचणीने उपचारातून संसर्ग रोखला जातो हे सिद्ध केले, तिचे एक केंद्र पुण्यात होते. असे असूनही वस्तीत या माणसाकडे पाठ फिरवली जात असेल आणि पक्षाची शाखा गप्प राहत असेल, तर ती शाखा तेवढ्यापुरती प्रतिगामी विचारांच्या मागे फरफटत जाते, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

कार्याची दिशा

म्हणून या प्रश्नावर कष्टकरी चळवळीच्या मागण्या निःसंदिग्ध असल्या पाहिजेत. कलम 14 मधील ‘शक्य असेल तितके’ हे शब्द काढून औषधाचा बिनशर्त हक्क कायद्यात यावा. उपचार केंद्रांवर स्थिर रुग्णांना किमान तीन महिन्यांची औषधे एकदम मिळावीत. पन्नाशीपुढील प्रत्येकाची रक्तदाब, साखर, मूत्रपिंड, हाडे व नैराश्य यांची तपासणी त्याच छपराखाली, मोफत व्हावी. समुपदेशक, परिचारिका व तंत्रज्ञ यांना कायम करावे. वृद्धापकाळ पेन्शन महागाईशी जोडावी आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांना वयाची अट पन्नासवर आणावी. वृद्धाश्रमांनी रोगाच्या कारणाने प्रवेश नाकारल्यास 2017 च्या कायद्याखाली कारवाई व्हावी. सार्वजनिक औषध कारखाने पुन्हा उभे करावेत.

मागण्यांबरोबर रोजचे कामही हवे. शाखांनी, महिला संघटनेने आणि कामगार संघटनांनी आपापल्या भागातील एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या संघटनांशी संबंध जोडावा. पेन्शनचे अर्ज भरून द्यावेत, रुग्णालयात सोबत जावे, साठा संपल्याची बातमी येताच त्याच दिवशी अधिकाऱ्याला घेराव घालावा. हे करताना कोणाचे नाव किंवा रोग त्याच्या संमतीविना उघड करायचा नाही, ही शिस्त लोखंडी असावी. मुख्य म्हणजे या माणसांना केवळ मदत घेणारे समजू नये. वीस-पंचवीस वर्षे मृत्यूशी, पोलिसांशी आणि कुजक्या नीतिमत्तेशी झुंजलेली ही माणसे लढ्याच्या अनुभवात अनेक कार्यकर्त्यांपेक्षा पुढे आहेत. त्यांना व्यासपीठावर, समित्यांत, नेतृत्वात स्थान मिळाले पाहिजे. ज्याच्या सल्ल्याची कोणाला गरज आहे, तो माणूस एकाकी राहत नाही.

मनोधैर्य हवेच. परंतु ते शिबिरात वाटता येत नाही आणि भाषणातून पाजता येत नाही. ठरल्या तारखेला मिळणाऱ्या गोळीतून, चूल पेटेल एवढ्या पेन्शनमधून, दार न लावणाऱ्या शेजाऱ्यातून आणि खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या संघटनेतून ते घडते. म्हैसूरच्या कष्टकरी स्त्रियांनी ते घडवून दाखवले आहे. पेन्शनरांच्या नंदनवनाचे फाटक त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या देशभरातील लाखो वृद्धांसाठी उघडायचे, तर त्यावर धक्का देणारे हात अधिक हवेत. ते हात पुरवणे, हेच या घडीचे कर्तव्य आहे.